गळक्या केबिनचे निदान आणि उपचार

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आजवर मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, दमा अशा विषयांवर अनेक उद्बोधक लेख आले. त्या परंपरेत या लेखातील रुग्ण थोडा वेगळा आहे. त्याला नाडी नाही, रक्तदाब नाही आणि स्वतःची तक्रार सांगण्यासाठी वाचाही नाही. तो आहे एक जुना पिकअप ट्रक, जन्मसाल २००३. मुख्य तक्रार, पावसाळ्यात केबिनमध्ये पाणी येणे. कालावधी, तीन पावसाळे. पूर्वोपचार, भरपूर, गुण, शून्य.

वाचकांना वाटेल की गळक्या गाडीचे काम मिस्त्रीचे, त्यात डॉक्टरांनी का पडावे? त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, गळती शोधण्याची रीत ही रोगनिदानाच्या रीतीशी इतकी जुळते की, वैद्यकीय शिक्षणातला पहिला धडा या पत्र्याच्या डब्याने मला पुन्हा एकदा शिकवला. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. बडोद्यात पावसाळा आला की प्रत्येक घरातील कोणती ना कोणती मोटार, जीप वा टेंपो ओला होतोच, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी साध्या मोटारीलाही तशाच लागू पडतात.

आजार गंभीर का मानावा?

आम्ही काही स्नेही डॉक्टर महिन्यातून एका रविवारी पादरा, डभोई, वाघोडिया या तालुक्यांतील खेड्यांत तपासणी शिबिरासाठी जातो. त्यासाठी ही दुहेरी केबिनची गाडी वापरली जाते. पुढे चालक आणि एक डॉक्टर, मागच्या बाकावर सहकारी आणि औषधांचे खोके, आणि मागील उघड्या हौद्यात टेबले, तंबू व पाण्याचे पिंप, अशी तिची मांडणी. गाडी कोणत्या कंपनीची हे सांगण्याचे प्रयोजन नाही. बावीस वर्षांनंतर कोणत्याही कंपनीचे रबर रबर राहत नाही.

पायाखाली थोडे पाणी साचले तर बिघडले काय, असे आरंभी सर्वांनाच वाटत होते. परंतु त्या थोड्या पाण्याने चार ठिकाणी घाव घातला होता. मागच्या बाकाखाली ठेवलेल्या खोक्यांतील क्षारसंजीवनीची पाकिटे ओली होऊन दगडासारखी घट्ट झाली. डॅशबोर्डाखालच्या फ्यूज बॉक्समध्ये हिरवट बुरा चढला आणि एका मुसळधार सकाळी, डभोईच्या रस्त्यावर, वायपर अर्ध्या काचेवर येऊन थांबले. केबिनमध्ये पाच माणसे होती; समोर काही दिसत नव्हते. आमचे चालक अनुभवी म्हणून गाडी सावकाश कडेला लागली. तिसरा घाव चालककाकांच्या छातीवर. साठीच्या घरातील या गृहस्थांना पावसाळ्यात गाडीत बसले की खोकला येई आणि घरी गेले की तो कमी होई. चौथा घाव सर्वांत छुपा होता. त्याकडे आपण क्रमाने येऊ.

आधी इतिहास

रुग्ण टेबलावर झोपवण्यापूर्वी त्याची हकीकत घ्यावी, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. गाडीची हकीकत चालकाकडून घ्यावी लागते. विचारायचे प्रश्न थोडेच, पण नेमके आहेत.

पाणी फक्त पावसात येते, की कोरड्या दिवशीही? गाडी उभी असताना येते, की धावत असताना? धुतल्यावर येते का? कोणत्या पायाशी येते, डाव्या की उजव्या, पुढे की मागे? गाडी चढावर उभी केली तर जागा बदलते का? पाणी स्वच्छ असते, गढूळ असते, की तेलकट?

यांतील प्रत्येक उत्तराने काही शक्यता गळून पडतात. उभ्या गाडीत गळती असेल, तर दोष वरच्या भागात. छत, काच, दरवाजे यांत असतो. केवळ धावत्या गाडीत आणि ओल्या रस्त्यावर पाणी येत असेल, तर चाकांनी उडवलेले पाणी तळातल्या निघालेल्या रबरी बुचातून किंवा चाकावरच्या पत्र्याच्या सांध्यातून आत शिरत असते. पाऊस थांबल्यावर तासाभराने, पहिल्या वळणावर अचानक पाणी सांडत असेल, तर ते कोठेतरी साठून राहिलेले असते, उदाहरणार्थ दरवाज्याच्या पोटात.

चालककाकांनी दिलेली हकीकत अशी होती: "साहेब, तीन ठिकाणी पाणी येतं. माझ्या उजव्या गुडघ्यावर ठिबकतं, ते पाऊस जोरात असला की. तुमच्या डाव्या पायाशी तळं होतं, ते गाडी नुसती उभी असली तरी. आणि मागे डाव्या दाराशी, ते वळणावर." एवढ्या तीन वाक्यांत निम्मे निदान होते. पूर्वीच्या दुरुस्तीत मात्र ही हकीकत कोणी विचारलीच नव्हती.

स्रावाची तपासणी

छातीतून वा पोटातून काढलेले पाणी पाहून आपण रोगाची जात ओळखतो. गाडीतही तेच करावे. आलेले पाणी पांढऱ्या कागदाने टिपून घ्यावे. स्वच्छ, गंधहीन पाणी पावसाचे असते. उन्हाळ्यात, एसी चालू असताना, पुढच्या डाव्या बाजूला स्वच्छ पाणी आले, तर ते बहुधा एसीच्या निचरा-नळीत कचरा अडकल्याने आत सांडलेले दव असते. बोटांना बुळबुळीत लागणारे, गोडसर वासाचे, रंगीत पाणी हे इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचे. ते हीटरच्या जाळीतून गळते आणि त्याच्याशी पावसाचा काही संबंध नसतो. कूलंटमध्ये विषारी ग्लायकॉल असते, म्हणून ते चाखून पाहण्याचा मोह टाळावा. तळाशी बारीक गाळ सोडणारे गढूळ पाणी म्हणजे रस्त्यावरचे किंवा पुराचे पाणी.

आमच्या रुग्णाच्या तिन्ही ठिकाणचा स्राव स्वच्छ होता. म्हणजे पाणी आभाळाचे, वाटा मात्र तीन.

पाण्याचा स्वभाव आणि संदर्भित वेदना

डाव्या हातातील दुखणे हृदयाचे असू शकते, उजव्या खांद्यातील दुखणे पित्ताशयाचे. गळतीचेही असेच आहे. पाणी जेथे ठिबकते, तेथे ते क्वचितच शिरलेले असते. आमच्या मिस्त्रींनी हे सूत्र एका गुजराती वाक्यात सांगितले: "साहेब, पाणी ज्यां देखाय छे, त्यां होतुं नथी." जेथे दिसते तेथे ते नसते.

याचे कारण पृष्ठताण. पाण्याचा थेंब पत्र्याला चिकटून उताराने चालतो, वायरीचा हात धरून पुढे जातो, दोन पत्र्यांमधील बारीक फटीत केशाकर्षणाने थोडा वरही चढतो; आणि एखादी कड, स्क्रू किंवा वायरीचा वाक आला की तेथे तोल सुटून खाली पडतो. आपल्याला दिसते ती ही शेवटची पायरी. त्यात धावत्या गाडीवर वाऱ्याचा दाब येतो. समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवा दाबली जाते आणि छताच्या कडेला व बाजूच्या काचांवर ती विरळ होते. त्यामुळे उभ्या गाडीत बंद असणारी एखादी फट वेगात उघडी पडते.

१८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर टिपली आणि ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपापर्यंत माग काढला. रुग्ण अनेक घरांत होते, उगम एका ठिकाणी होता. गळती शोधणाऱ्यानेही प्रथम केबिनचे साधे चित्र काढून त्यावर ओल्या जागा टिपाव्यात. दहा मिनिटांचे हे काम पुढचे दोन दिवस वाचवते.

शरीररचना: पाणी येण्याच्या वाटा

जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये पाणी येण्याच्या वाटा ठरलेल्या असतात.

पहिली वाट समोरच्या काचेची. जुन्या गाड्यांत ही काच रबरी चौकटीत बसवलेली असते. नवीन गाड्यांत ती थेट पत्र्याला चिकटवतात. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे रबर कडक होते, आकसते आणि कोपऱ्यांत फट सोडते. त्या फटीत साचलेल्या पाण्याने आतला पत्रा गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. तो रबर उचलतो आणि फट आणखी रुंदावते. आजारानेच आजार वाढण्याचे हे दुष्टचक्र आपल्या परिचयाचे आहे.

दुसरी वाट काचेखालच्या जाळीची. बाहेरची हवा केबिनमध्ये घेण्यासाठी तेथे पत्र्याची एक पन्हळ असते. तिच्यात पाऊस पडणे हे गृहीतच धरलेले असते आणि दोन्ही टोकांना निचऱ्याची भोके दिलेली असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तेथे पाने आणि धूळ जमते, भोके बुजतात, पन्हळ भरते आणि पाणी हवेच्या वाटेने थेट पायाशी उतरते.

तिसरी वाट दरवाज्याची, आणि येथे पुष्कळांचा गैरसमज असतो. दरवाज्याच्या आत पाणी जाऊ नये, अशी रचना मुळी नसतेच. काच खाली उतरते त्या फटीतून पाणी दरवाज्याच्या पोटात जाणारच. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडावे, अशी योजना असते. आतल्या पुठ्ठ्यामागे प्लास्टिकचा एक पडदा चिकटवलेला असतो, तो पाण्याला केबिनपासून वेगळे ठेवतो. स्पीकर बसवताना किंवा काचेचे यंत्र दुरुस्त करताना हा पडदा फाडून फेकला जातो. 'हे प्लास्टिक कशाला हवे?' असे म्हणून फेकलेला हा पडदा म्हणजे त्या दरवाज्याचे फुफ्फुसावरणच समजावे.

चौथी वाट दरवाज्याभोवतीच्या रबराची. बिजागरीची पिन झिजली की दरवाजा खाली लोंबतो आणि वरच्या कोपऱ्यात रबरावर दाब पडत नाही. येथे दोष रबराचा नसून बिजागरीचा असतो. नवे रबर घालून उपयोग होत नाही.

पाचवी वाट छताच्या कडेच्या पन्हळीची. छताचा आणि बाजूचा पत्रा तेथे जोडलेला असतो आणि त्या सांध्यात भरलेले लुकण वर्षांनी तडकते. छतावर कॅरियर, दिवा किंवा भोंगा लावण्यासाठी पाडलेली भोकेही याच वर्गातली.

सहावी वाट इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याची. वायरी आणि केबल तेथून रबरी ग्रोमेटमधून आत येतात. नंतर कोणी हॉर्नची वा दिव्याची वायर ओढण्यासाठी ग्रोमेट कापला, की पाणी त्या वायरीवरून आत उतरते. वायर आत शिरण्यापूर्वी बाहेरच्या बाजूला खाली झोळ ठेवला, तर थेंब त्या झोळाच्या तळाशीच गळून पडतो. घराच्या वीजजोडणीतही हीच युक्ती वापरतात.

सातवी वाट केबिनच्या मागील काचेची आणि आठवी तळातल्या बुचांची. यापलीकडे वाटा फारशा उरत नाहीत.

तपासण्या: स्वस्त आधी, महाग नंतर

तपासणीपूर्वी केबिन पूर्ण कोरडी करावी. पायपोस, मॅटिंग, खालचा फोम, दरवाज्यांचे पुठ्ठे, खांबांवरची आच्छादने, सारे काढावे. रुग्णाचे कपडे न काढता पोट तपासता येत नाही. उघड्या पत्र्यावर खडूची वा टाल्कम पावडरची पूड पसरावी. थेंब गेला की त्यात ओघळाची रेघ उमटते. वर्तमानपत्राचे कागद अंथरले तरी चालते.

दरवाज्याच्या रबरासाठी नोटेची परीक्षा घ्यावी. दहा रुपयांची नोट फटीत धरून दरवाजा लावावा आणि नोट ओढावी. ती अडखळत आली तर दाब ठीक, अलगद निसटली तर तेथे फट. अंधाऱ्या गॅरेजमध्ये एकाने आत विजेरी घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून प्रकाशाची तिरीप पाहावी. मोठी भोके अशी दिसतात.

मुख्य परीक्षा पाण्याच्या नळीची. तिचे नियम तीन. पाणी मंद असावे. सर्व्हिस स्टेशनचा जोरदार फवारा चांगल्या रबरालाही भेदतो आणि खोटे निदान देतो. एका वेळी एकच जागा, पाच ते दहा मिनिटे. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, खालून सुरुवात करून वर जावे. वरून आरंभ केला तर पाणी सर्व जागांवरून ओघळते आणि कोणती जागा दोषी हे कळत नाही. बाहेर एक माणूस नळी धरणारा, आत एक विजेरीसह टेहळणी करणारा, आणि तिसरा घड्याळ व वही सांभाळणारा, अशी तिघांची तुकडी उत्तम.

एवढ्याने भागले नाही तर उलटी परीक्षा घ्यावी. खिडक्या बंद करून, केबिनचा पंखा बाहेरची हवा घेण्यावर ठेवून पूर्ण वेगाने चालवावा. आत हवेचा दाब किंचित वाढतो. मग बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडे, तेथे वाट. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही.

आमच्या रुग्णाचे निष्कर्ष

एका रविवारी सकाळी मिस्त्री, चालककाका आणि मी, असे तिघे कामाला लागलो. प्रथम दरवाजे. मागच्या डाव्या दाराचा पुठ्ठा काढला, तर प्लास्टिकचा पडदा गायब आणि तळाची दोन्ही भोके चिखलाने बुजलेली. दाराच्या पोटात अजून पाणी होते. काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओतताच ते आतल्या कडेवरून तळावर आले. वळणावर पाणी का सांडते याचा उलगडा झाला.

दुसरी पायरी काचेखालच्या पन्हळीची. काच कोरडी ठेवून थेट जाळीत पाणी सोडले. सहाव्या मिनिटाला डाव्या पायाशी थेंब पडू लागले. जाळी काढून हात घातला, तर कडुनिंबाच्या पानांचा काळा लगदा बाहेर आला. गाडी वर्षभर निंबाखाली उभी असते. लगदा काढून, तारेने भोके मोकळी करून पुन्हा पाणी सोडले. दहा मिनिटे डावा पाय कोरडा. पन्हळ दुरुस्त झाल्याखेरीज काचेची परीक्षा घेण्यात अर्थ नव्हता, कारण काचेवरचे पाणी शेवटी त्याच पन्हळीत येणार.

तिसरी पायरी काचेची. काचेच्या खालच्या कडेला पूर्वीच्या एका दुरुस्तीत सिलिकॉनचा जाड थर चोपडलेला होता. तेथे दहा मिनिटे पाणी सोडले. आत काही नाही. बाजू झाल्या, काही नाही. उजव्या वरच्या कोपऱ्यावर नळी धरली आणि चौथ्या मिनिटाला चालककाकांच्या गुडघ्याच्या जागी थेंब पडला. खांबावरच्या पुडीत वरपासून खालपर्यंत रेघ उमटली होती. पाणी कोपऱ्यातून शिरून, खांबाच्या आतून उतरून, फ्यूज बॉक्सवरून खाली येत होते. साबणाच्या परीक्षेत त्याच कोपऱ्यावर बुडबुडे आले. निदान पक्के झाले.

एकाच कारणाने सर्व लक्षणांची संगती लावावी, असे चौदाव्या शतकातील ऑकमच्या विल्यमचे तत्त्व आपण शिकतो. परंतु वयस्कर रुग्णांना हे तत्त्व अनेकदा लागू पडत नाही. त्यांना एकाच वेळी चार आजार असू शकतात, असे अमेरिकन वैद्य जॉन हिकम यांच्या नावाने सांगितले जाते. जुनी गाडी ही हिकमची रुग्ण. पहिली गळती सापडल्यावर शोध थांबवणारा निम्माच बरा करतो.

उपचार

निदानाआधीच्या उपचाराने काय होते, हे त्या सिलिकॉनच्या थराने दाखवले. जेथे पाणी दिसले, तेथे तो चोपडला होता. त्याने वरून आलेले पाणी रबराच्या खाचेत कोंडून ठेवले आणि खालचा पत्रा अधिकच गंजला. शिवाय, बाजारातील साधे, आंबूस वासाचे सिलिकॉन वाळताना अॅसेटिक आम्ल सोडते, ते उघड्या लोखंडाला मानवत नाही. आणि त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर पुढे रंगही धरत नाही. तापाचे कारण न शोधता प्रतिजैविक देण्याचाच हा प्रकार.

काच काढली. रबराखालचा गंज ब्रशने आणि पॉलिश कागदाने स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत घासला, जस्ताचा प्रायमर आणि रंग दिला, आणि दोन दिवस वाळू दिला. मग नवे रबर. ते बसवण्याची मिस्त्रींची पद्धत शस्त्रक्रियेइतकीच देखणी होती. रबर आधी काचेवर चढवायचे, त्याच्या आतल्या खाचेत सर्व बाजूंनी एक मजबूत दोरी घालायची, साबणाचे पाणी लावायचे आणि काच बाहेरून चौकटीवर टेकवायची. एकाने बाहेरून तळव्याने हलका दाब द्यायचा, दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघते तशी रबराची कड पत्र्यावरून आत येऊन बसते. काचेला एकही ठोका द्यावा लागत नाही.

दाराची भोके मोकळी करून जाड प्लास्टिकचा नवा पडदा बुटाइलच्या चिकट पट्टीने लावला. पडद्याची खालची कड दाराच्या आत, खाचेत सोडावी लागते, म्हणजे ओघळ आतच राहतो. ती बाहेर राहिली तर सारे श्रम वाया जातात. फ्यूज बॉक्सचे कुजलेले जोड ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बदलून घेतले.

आता चौथा, छुपा घाव. चालकाच्या आसनाखालचा फोम उचलला तेव्हा तो पिळता येईल इतका ओला होता, आणि त्याखालच्या पत्र्यात, आसनाच्या पुढच्या बोल्टशेजारी, रुपयाच्या नाण्याएवढे भोक होते. बोटाने दाबले तर भोवतालचा पत्रा पापडासारखा मोडत होता. ज्या बोल्टांवर आसन उभे, त्यांचाच आधार गेला होता. जोराचा ब्रेक लागला असता तर काय झाले असते, हे अपघात विभागात काम केलेल्यांना सांगण्याची गरज नाही. वरून मॅटिंग स्वच्छ होते. रोज पुसले जात होते. डेंटरने सडलेला भाग कापून, चांगल्या पत्र्यापर्यंत जाऊन, नवा तुकडा वेल्ड केला. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवणे, फोम आणि वायरी दूर करणे आणि पाण्याची बादली जवळ ठेवणे अत्यावश्यक आहे.

फोम फेकून दिला. ओल्या फोमवर एकदोन दिवसांतच बुरशी वाढू लागते आणि खिडक्या उघड्या ठेवून तो कधीच आतपर्यंत वाळत नाही. बुरशीचे बीजाणू दम्याची प्रवृत्ती असणाऱ्यांत खोकला आणि शिट्टीसारखा श्वास सुरू करतात, हे वैद्यक बंधूंना ठाऊक आहेच. त्या पावसाळ्यात चालककाकांचा खोकला पुष्कळ कमी झाला. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही. परंतु व्यवसायाने गाडी चालवणाऱ्याला पावसाळी खोकला असेल, तर 'तुमच्या गाडीत ओल असते का?' हा प्रश्न विचारण्यास पैसे पडत नाहीत.

पुराचे पाणी निराळे

बडोदेकरांना गळती आणि पूर यांतला फरक सांगणे आवश्यक आहे. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीने धोक्याची पातळी कितीतरी फुटांनी ओलांडली आणि शहराच्या अनेक भागांत मोटारी छतापर्यंत बुडाल्या. बुडालेल्या गाडीचे इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रथम बॅटरी सोडवावी आणि गाडी ओढून न्यावी. पुराचा गाळ साफ करताना रबरी बूट व हातमोजे वापरावेत, जखमा झाकाव्यात. लेप्टोस्पायरोसिसचा धोका दक्षिण गुजरातपुरता मर्यादित समजू नये.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक परीक्षा. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा. गाडी धुऊनपुसून चकचकीत केली, तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाकडे गाळाची रेघ बहुधा राहून जाते. आसनाखालचे गंजलेले स्क्रू आणि दिव्यांच्या आतली वाळलेली धूळही साक्ष देतात.

उपचार कोठे थांबवावा?

प्रत्येक रुग्णावर शस्त्रक्रिया करावी असे नाही. काचेची चौकट, दारे, पन्हळ यांची दुरुस्ती जुन्या गाडीतही फायद्याची ठरते. परंतु मुख्य सांगाडा, केबिनचे आधार किंवा ब्रेकच्या नळ्या गंजल्या असतील, तर मोह आवरावा. १३ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने वाहने स्वेच्छेने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. तो कार्यक्रम गांधीनगरच्या गुंतवणूकदार परिषदेत झाला होता. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिल्यास तसे प्रमाणपत्र मिळते आणि नव्या खरेदीत त्याचा उपयोग होतो. आमच्या गाडीचा सांगाडा हातोडीने ठोकून, खालून विजेरी लावून पाहिला; तो खणखणीत निघाला, म्हणून उपचार केला. व्यावसायिक वाहनाची वार्षिक योग्यता तपासणी ही केवळ कागदाची पूर्तता नव्हे. ती आपण रुग्णांना सांगतो त्या वार्षिक तपासणीसारखीच घ्यावी.

प्रतिबंध

मृग नक्षत्रापूर्वीचा एक रविवार गाडीला द्यावा. काचेखालची जाळी काढून पाने उपसावीत. प्रत्येक दाराच्या तळाची भोके काडीने मोकळी करावीत. रबरे ओल्या फडक्याने पुसून त्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा. पेट्रोल, रॉकेल किंवा खाद्यतेल लावू नये, त्याने रबर फुगते व चिघळते. मॅटिंग पूर्ण उचलून खालचा पत्रा बोटांनी चाचपावा. छताच्या कडेचे लुकण तडकले असल्यास पॉलियुरेथेनचे लुकण भरावे. शेवटी, गाडी मंद नळीखाली दहा मिनिटे ठेवून आत वर्तमानपत्र अंथरावे. कागद कोरडा राहिला, तर पावसाळा आनंदाने जाईल.

यंदाच्या आषाढात आमची गाडी पाच शिबिरांना गेली. औषधांचे खोके कोरडे राहिले आणि वायपर चालत राहिले. मिस्त्रींनी बिलावर कामाचे नाव लिहिले होते, 'पाणी बंद'. वैद्यकाच्या भाषेत यापेक्षा नेमका निर्गमन-अहवाल मी तरी पाहिलेला नाही.